‘अँटिगनी’ पहिल्यांदा वाचताना: दवंडी, कायदा आणि मूठमाती

ग्रीक शोकांतिकेत देवांविषयीचे कर्तव्य आणि राज्याचा कायदा एकमेकांसमोर कसे उभे ठाकतात हे ज्यांना मुळापासून समजून घ्यायचे आहे, त्यांनी सुरुवात सॉफोक्लीसच्या ‘अँटिगनी’पासून करावी. नाटक साधारण साडेतेराशे ओळींचे आहे, मोठ्याने वाचले तरी दोन-अडीच तासांत संपते, आणि कथानक एका परिच्छेदात मावेल इतके सरळ आहे. थीब्झ या ग्रीक नगराच्या गादीसाठी तिथला पूर्वीचा राजा ईडिपस याचे दोन मुलगे, इटिओक्लीस आणि पॉलिनायसीझ, लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो आणि दवंडी पिटवतो की, नगरासाठी लढलेल्या इटिओक्लीसला सन्मानाने मूठमाती द्यावी. परकी फौज घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसीझचे प्रेत मात्र कुत्र्या-पाखरांसाठी उघड्यावर पडू द्यावे. त्यांची बहीण अँटिगनी त्या प्रेतावर माती टाकते, पकडली जाते आणि जिवंतपणी एका कातळगुहेत कोंडली जाते. अखेरीस ती स्वतः, तिचा वाग्दत्त वर हेमॉन आणि हेमॉनची आई युरिडिसी असे तिघेही आपापल्या हाताने जीवन संपवतात आणि क्रेऑन एकटा उरतो.

कथानक इतके सरळ असूनही नवा वाचक हमखास फसतो. ‘धर्म विरुद्ध कायदा’ हे शब्द त्याने आधीच ऐकलेले असतात, आणि मग नाटकातला प्रत्येक संवाद तो या दोन खान्यांपैकी एकात टाकत जातो. माझे म्हणणे असे आहे की, या नाटकात झगडा दोन तत्त्वांचा नाही. कायदा कशाला म्हणायचे आणि दवंडी कशाला, याचा तो झगडा आहे, आणि तो एका उघड्यावर पडलेल्या प्रेताच्या साक्षीने चालतो. पुढच्या पायऱ्या त्या प्रेतावरून नजर ढळू न देता नाटक वाचता यावे यासाठी मांडल्या आहेत. ग्रीक येण्याची गरज नाही.

पहिली पायरी: प्रत निवडणे

ज्या अनुवादाच्या समासात मूळ ग्रीक ओळींचे आकडे छापले आहेत, असाच अनुवाद घ्यावा. हे आकडे सर्व चांगल्या आवृत्त्यांत जवळपास सारखेच असतात, त्यामुळे दोन अनुवाद शेजारी ठेवून एकच जागा पाहता येते. इंग्रजीतून वाचणार असाल, तर रिचर्ड जेब यांचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला गद्य अनुवाद जालावर मोफत मिळतो. त्याची भाषा जुनी वाटते, पण अर्थाच्या बाबतीत तो फार काटेकोर आहे. त्याच्या जोडीला एखादा अलीकडचा अनुवाद ठेवावा आणि विकत घेण्यापूर्वी चार ठिकाणे पडताळून पाहावीत: ओळ ८, ओळी ४४९ ते ४५७, ओळ ५२३ आणि ओळ १११३. या चार जागी ‘हुकूम’, ‘दवंडी’ आणि ‘कायदा’ यांतला फरक ज्याने पुसून टाकला असेल, तो अनुवाद रंगभूमीवर चांगला वठेल, पण या विषयाच्या अभ्यासाला तो अपुरा पडेल.

नावांच्या उच्चारांनी गोंधळून जाऊ नये. मराठीत ती एकाच पद्धतीने लिहिली जात नाहीत. पु. ल. देशपांडे यांनी ईडिपसच्या नाटकाला ‘राजा ओयदिपौस’ असे नाव दिले, ते मूळ ग्रीक उच्चाराच्या अधिक जवळ आहे; इतरत्र ‘ईडिपस’ आढळेल. माणूस तोच.

दुसरी पायरी: आपलेच दोन शब्द बाजूला ठेवणे

मराठी वाचकाची खरी अडचण ग्रीक शब्दांची नाही, ‘धर्म’ आणि ‘धर्मसंकट’ या आपल्याच शब्दांची आहे.

‘धर्म’ या शब्दात आपण कर्तव्य, आचार, श्रद्धा, न्याय आणि काही अंशी कायदाही भरून ठेवलेला आहे. राजधर्म, कुलधर्म, शेजारधर्म हे शब्द आपण सहज वापरतो. त्यामुळे ‘अँटिगनीच्या बाजूला धर्म आहे’ असे म्हणताक्षणी ‘मग क्रेऑनचा राजधर्म कुठे गेला?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्तही असतो. पण त्याचबरोबर आधुनिक अर्थाने ‘धर्म’ म्हटले की डोळ्यांपुढे एक ग्रंथ, एक पुरोहितवर्ग आणि राज्याहून वेगळी अशी संस्था येते. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या ग्रीक नगरांत असे काही नव्हते. बळी नगर देत असे, उत्सव नगर करत असे, देवळे नगराची असत. राज्याच्या बाहेर उभे राहून राज्याला जाब विचारणारी धर्मसंस्थाच नव्हती. म्हणून या नाटकाला धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्या भांडणाचे रूप देता येत नाही.

‘धर्मसंकट’ हा शब्द त्याहूनही फसवा आहे. दोन कर्तव्ये एकाच माणसाच्या मनात भिडतात आणि त्याला निर्णय करवत नाही, तेव्हा आपण धर्मसंकट म्हणतो. अँटिगनीला धर्मसंकट नाही. नाटक उघडते तेव्हा, पहाटेच्या अंधारात ती बहिणीला, म्हणजे इस्मिनीला, वाड्याबाहेर बोलावते, त्याआधीच तिचा निर्णय झालेला आहे. या शब्दाच्या खऱ्या अर्थाने धर्मसंकट येते ते क्रेऑनला, आणि तेही फार उशिरा, ओळ १०९६ च्या आसपास, जेव्हा तो म्हणतो की नमते घेणे भयंकर आहे आणि ताठ राहून सर्वनाश ओढवून घेणे तेही भयंकरच आहे. ही जागा पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावी.

या दोन शब्दांऐवजी चार ग्रीक शब्द एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खुणेसारखे ठेवावेत. केरुग्मा म्हणजे दवंडी, भालदाराने लोकांना ओरडून सांगितलेला हुकूम. नोमोस म्हणजे कायदा, पण रूढी आणि रीतही. फिलोस म्हणजे आपले माणूस. त्यात नातेवाईकही आले आणि मित्रही. मिआस्मा म्हणजे मृत्यू आणि रक्त यांमुळे लागणारा विटाळ. मराठीत ‘विटाळ’ या शब्दाला जातिभेदाचा जुना आणि लाजिरवाणा इतिहास आहे, म्हणून तो इथे केवळ सुतकाच्या जवळच्या अर्थाने घ्यावा: जे नीट मार्गी लावले नाही ते सगळ्या गावाला बाधते, एवढाच त्याचा आशय.

तिसरी पायरी: प्रेक्षकांत जाऊन बसणे

हे नाटक इसवी सनापूर्वी ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जागा होती अक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरचे, मद्य आणि नाट्याचा देव डायोनायसस याचे रंगस्थान, आणि निमित्त होते त्याच देवाच्या वार्षिक उत्सवाचे. तीन पुरुष नट मुखवटे बदलून सर्व पात्रे करत, अँटिगनीसुद्धा. आणि थीब्झच्या वृद्ध नागरिकांचा समूह म्हणून पंधरा जणांचा कोरस गात-नाचत असे. नाटके सुरू होण्याआधी नगराचे सेनापती देवाला मद्याचे अर्घ्य देत, मित्रनगरांनी भरलेली खंडणी प्रेक्षकांपुढे मांडली जाई, आणि युद्धात मेलेल्यांची, नगराने वाढवलेली मुले चिलखत घालून सर्वांसमोरून चालत जात. म्हणजे नगरासाठी मरणाऱ्यांचा सन्मान पाहून झाल्यावर लगेच त्याच डोळ्यांनी लोक नगरावर चालून आलेल्याच्या प्रेताची गोष्ट पाहत होते. स्वतः सॉफोक्लीस ४४१-४४० च्या वर्षी अथेन्सच्या दहा सेनापतींपैकी एक होता आणि अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्याबरोबर सामोस बेटावरच्या मोहिमेत होता. हुकूम देणे आणि तो पाळला जाईल अशी अपेक्षा करणे, या गोष्टी त्याला बाहेरून माहीत नव्हत्या.

आता प्रेताविषयी. अथेन्समध्ये देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, भूमीत पुरण्यास कायद्याने बंदी होती. थेमिस्टोक्लीस हा सालामिसच्या, पर्शियनांवरच्या आरमारी विजयाचा शिल्पकार, पण देशद्रोहाचा ठपका येऊन परदेशात मेला. त्याच्या अस्थी नातेवाइकांनी चोरून आणून अॅटिकात पुरल्याचे ते सांगत, अशी नोंद इतिहासकार थ्युसिडिडीसने केली आहे. तेव्हा क्रेऑनची बंदी ऐकून प्रेक्षक दचकून उठले असतील असे समजू नये. फरक बारीक आहे आणि तो नीट ध्यानात घ्यावा. अथेन्सचा कायदा ‘आमच्या भूमीत नको’ असे म्हणत होता. सीमेपलीकडे नेऊन कोणी अंत्यसंस्कार केले तर त्याला आडकाठी नव्हती. क्रेऑन प्रेत थीब्झच्या भूमीतच उघडे ठेवतो, त्याच्यावर पहारा बसवतो आणि कोणीही, कुठेही, काहीही करू नये असे फर्मावतो.

याच्या उलट बाजूला तितकीच जुनी समजूत उभी होती. बूझिगीस नावाच्या अथेन्समधल्या पुरोहित घराण्याने म्हणावयाच्या शापांत, दिसलेले प्रेत माती न देता सोडून जाणाऱ्यालाही शाप होता. मूठभर माती टाकली तरी तो दोष टळे. आपल्याकडचा ‘मूठमाती’ हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो, आणि म्हणून ‘दफन’ किंवा ‘पुरणे’ यापेक्षा तोच मनात धरून वाचावे. कारण ग्रीक लोक पुरतही आणि जाळतही, आणि अँटिगनी जे करते ते दोन्हींपैकी काहीच नाही. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्याकडे स्त्रियांनी स्मशानात न जाण्याची रूढी फार पसरलेली होती, म्हणून अँटिगनीने प्रेताला हात लावणे हेच मोठे बंड आहे असे वाटू शकते. ग्रीक घरात प्रेताला अंघोळ घालणे, कपडे नेसवणे आणि शोक करणे हे स्त्रियांचेच काम होते. ओळ ९०० च्या पुढे ती सांगते की आई-बापांना आणि भावाला मी माझ्या हातांनी न्हाऊ घातले, सजवले, अर्घ्य दिले. तिचे बंड तिने केलेल्या कृतीत नाही. दवंडीनंतरही ती कृती केली, यात आहे.

चौथी पायरी: नात्यांचा कागद

एका कागदावर वंशवेल काढावी. ईडिपस आणि नकळत त्याची पत्नी झालेली त्याची आई जोकास्टा. त्यांची चार मुले. जोकास्टाचा भाऊ क्रेऑन. क्रेऑनचा मुलगा हेमॉन, ज्याच्याशी अँटिगनीचे लग्न ठरले आहे. कागद पुरा झाला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ईडिपस मेला, दोन्ही मुलगे मेले. आता घरात उरलेला सर्वांत जवळचा कर्ता पुरुष क्रेऑनच आहे. पॉलिनायसीझला मूठमाती देण्याची पहिली जबाबदारी त्याच्याच शिरावर येते. अँटिगनी आपल्या मामाचे आणि होणाऱ्या सासऱ्याचे काम करते आहे. राजा विरुद्ध बहीण अशी विभागणी केली की ही गोष्ट हातातून निसटते, आणि मग क्रेऑन कुटुंबाच्या बाहेर उभा असलेला निव्वळ ‘राज्य’ वाटू लागतो. तो तसा असावा असे त्याला स्वतःला वाटते. नाटक त्याला तसे राहू देत नाही.

पाचवी पायरी: क्रेऑनचे भाषण त्याच्या बाजूने वाचणे

ओळी १६२ ते २१० एकदा उभे राहून मोठ्याने वाचाव्यात, आणि वाचताना पुढचे काही माहीत नाही असे समजावे. नगर कालच्या रात्रीपर्यंत वेढ्यात होते. सात दरवाजांवर सात सरदार चालून आले होते. नवा राजा म्हणतो की, नगर ही आपल्याला तारून नेणारी नौका आहे, ती ताठ चालली तरच आपल्याला माणसे जोडता येतात, आणि जो आपल्या माणसाला देशापेक्षा मोठा मानतो त्याला मी कशातच धरत नाही. यात चुकीचे काय आहे? जवळजवळ काहीच नाही. इसवी सनापूर्वी ३४३ मध्ये, म्हणजे नाटकानंतर सुमारे शंभर वर्षांनी, वक्ता डिमॉस्थिनीसने अथेन्सच्या न्यायालयात आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्याविरुद्ध बोलताना याच भाषणातल्या ओळी लेखनिकाकडून वाचून घेतल्या. एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका अनेकदा केली होती. जे शब्द तू रंगस्थानावर म्हणालास ते राजदूत म्हणून का विसरलास, असा डिमॉस्थिनीसचा रोख होता. म्हणजे अथेन्सच्या नागरिकांना हे बोलणे आदर्श म्हणून ऐकवता येत होते.

क्रेऑन देवांना विसरलेला माणूस आहे, असेही नाही. प्रेतावर कोणीतरी माती टाकल्याची बातमी येते आणि कोरसचे म्हातारे चाचरत विचारतात की हे देवांचे तर काम नसेल? तेव्हा तो उसळून म्हणतो की, ज्याने त्यांची खांबांची देवळे जाळायला, त्यांची भूमी आणि कायदे उधळून लावायला चाल केली, त्याची काळजी देव करतील? (ओळी २८० ते २८९.) त्याचेही देव आहेत, ते नगराचे देव आहेत. अँटिगनी बोलते ती खालच्या, मृतांच्या जगातल्या देवांविषयी. दोघेही देवांचा राजा झ्यूस याचे नाव घेतात. म्हणून ‘धार्मिक’ आणि ‘अधार्मिक’ अशा दोन रकान्यांत ही माणसे बसत नाहीत.

सहावी पायरी: पहारेकऱ्याचा वृत्तान्त सावकाश वाचणे

पहिल्या वाचनात हा भाग बहुतेक जण घाईने ओलांडतात, कारण तत्त्वाची भाषणे पुढे आहेत असे त्यांना ठाऊक असते. माझा आग्रह आहे की, संपूर्ण नाटकात सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण ज्याच्यावरून एवढे बोलले जाते ती गोष्ट प्रत्यक्ष दिसते ती इथेच.

पहारेकरी दोनदा येतो. पहिल्यांदा तो सांगतो की प्रेतावर कोणीतरी कोरडी धूळ भुरभुरून गेले आहे: कुदळीचा घाव नाही, उकरलेल्या मातीचा ढीग नाही, गाडीच्या चाकाचा माग नाही, जमीन टणक आणि सुकी. प्रेत झाकले गेले होते, पण पुरलेले नव्हते. दोष लागू नये म्हणून कोणी केले असावे इतकीच ती पातळ धूळ होती. दुसऱ्यांदा तो अँटिगनीला धरूनच आणतो (ओळ ३८४ पासून पुढे). राजाच्या धमकीने घाबरलेल्या पहारेकऱ्यांनी परत जाऊन प्रेतावरची सगळी धूळ झाडून टाकली, ते ओलसर, सडू लागलेले शरीर पुन्हा उघडे केले, आणि दुर्गंधी अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून टेकाडावर बसले. ऊन डोक्यावर आले. मग एकाएकी वावटळ उठली, आकाश धुळीने भरले, त्यांनी डोळे मिटून घेतले. वावटळ निवली तेव्हा मुलगी दिसली. आपल्या घरट्यात पिले नाहीत हे पाहून पक्षीण जशी तीक्ष्ण स्वरात आक्रंदते, तशी ती उघडे प्रेत पाहून ओरडली. तिने हातांनी कोरडी धूळ आणली आणि सुबक घडवलेल्या काशाच्या झारीतून तीन वेळा अर्घ्य ओतले.

तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. राज्याचा हुकूम प्रत्यक्षात म्हणजे काय, तर नाक दाबून टेकाडावर बसलेली चार माणसे. देवांविषयीचे कर्तव्य प्रत्यक्षात म्हणजे काय, तर मूठभर धूळ आणि एक झारी. आणि वावटळ कोणी पाठवली याचे उत्तर सॉफोक्लीस देत नाही. पहारेकरी तिला आकाशातून आलेले संकट म्हणतो, आणि तेवढ्यावर आपण थांबावे.

सातवी पायरी: ‘कायदा’ कोण कशाला म्हणतो याची नोंद

आता वही घ्यावी आणि दोन स्तंभ करावेत: एकात दवंडी, एकात कायदा. आठव्या ओळीत अँटिगनी बहिणीला विचारते की, ‘सेनापतीने’ म्हणे नगरभर दवंडी दिली आहे, ती ऐकलीस का? तिने क्रेऑनला राजा म्हटले नाही, आणि हुकुमाला कायदा म्हटले नाही. ४४९ व्या ओळीत क्रेऑन विचारतो: तरीही हे कायदे मोडण्याचे धाडस केलेस? आपल्या तोंडून निघालेल्या दवंडीला तो स्वतः ‘नोमोई’, कायदे, म्हणतो, आणि तेही अनेकवचनात. तिचे उत्तर मी माझ्या शब्दांत असे मांडतो: ही दवंडी मला झ्यूसने दिलेली नाही, खालच्या देवांपाशी राहणाऱ्या न्यायदेवतेनेही माणसांसाठी असले कायदे घालून दिलेले नाहीत, आणि तुझ्या दवंडीत इतके बळ असेल असे मला वाटले नाही की तू, एक मर्त्य माणूस, देवांचे अलिखित आणि अढळ नियम ओलांडून जाशील, ते काल-आजचे नाहीत, सदैव जिवंत आहेत, आणि ते कधी प्रकटले हे कोणालाच ठाऊक नाही.

राज्याचा कायदा मोठा की देवांचा, असा प्रश्न तिने विचारलेलाच नाही. तुझे बोलणे कायदा या पदवीला पोहोचतच नाही, असे ती म्हणते आहे. हा कायद्याविषयीचाच युक्तिवाद आहे, आणि तो फार जड आहे. इथे एक इतिहास जोडून पाहावा. इसवी सनापूर्वी ४०३ मध्ये, तीस हुकूमशहांची सत्ता उलथून लोकशाही परत आल्यावर, अथेन्सने ठरवले की अधिकाऱ्यांनी अलिखित कायदा वापरू नये, आणि लोकसभेचा किंवा मंडळाचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ ठरू नये. पहिला नियम अँटिगनीच्या ‘अलिखित’ या शब्दाच्या विरोधात जातो, तर दुसरा तिच्याच बाजूने बोलतो: तात्पुरता हुकूम आणि कायम कायदा एक नव्हेत. म्हणून तिचे शब्द आजच्या एखाद्या मतासाठी उचलण्यापूर्वी थोडे थांबावे. अलिखित नियमाचा आधार दुबळ्याला मिळतो, तसाच तो मनमानी करणाऱ्यालाही मिळू शकतो, हे अथेन्सने अनुभवाने ओळखले होते.

पुढे नोंदी आपोआप भरत जातात. ६६६ व्या ओळीच्या आसपास क्रेऑन मुलाला सांगतो की, नगराने ज्याला नेमले त्याचे ऐकलेच पाहिजे, लहानसहान गोष्टीत, न्याय्य गोष्टीत आणि त्याच्या उलट गोष्टीतही. ‘उलट’ हा शब्द तो पुरा उच्चारत नाही, पण अर्थ ‘अन्याय्य’ हाच आहे. सुरुवातीच्या भाषणात नगर बोलत होते. इथे फक्त नेमलेला माणूस बोलतो. मग हेमॉन त्याला सांगतो की थीब्झचे लोक अंधारात कुजबुजत आहेत, या मुलीसाठी हळहळत आहेत. ‘मी कसे राज्य करावे हे नगर मला सांगणार?’ असे क्रेऑन विचारतो. एकाच माणसाच्या मालकीचे असते ते नगरच नव्हे, असे मुलगा म्हणतो, आणि मग: ओसाड रानावर एकटेच तुम्ही छान राज्य कराल. हा संवाद, ओळी ७२६ ते ७६५, दोघांनी समोरासमोर बसून वाचावा. एकेका ओळीची ती उत्तरे-प्रत्युत्तरे मनातल्या मनात वाचून कळत नाहीत.

अँटिगनीलाही मात्र या तपासणीतून सूट देऊ नये. ती इस्मिनीशी कठोर वागते. ५२३ व्या ओळीत ‘माझा स्वभाव द्वेषात सामील होण्याचा नाही, प्रेमात सामील होण्याचा आहे’ असे म्हणणारी मुलगी आपल्या जिवंत बहिणीला त्या प्रेमात जागा देत नाही. कोरस तिला ‘स्वतःच्याच नियमाने चालणारी’ असे म्हणतो, आणि त्यात कौतुक किती व दोष किती हे ठरवणे सोपे नाही.

आठवी पायरी: अडणारा उतारा टाळू नये

मरणाकडे जाताना ओळी ९०४ ते ९२० मध्ये अँटिगनी सांगते की, नवरा किंवा मूल मेले असते तर मी नगराच्या विरोधात गेले नसते. नवरा दुसरा मिळाला असता, मूल दुसरे झाले असते, पण आई-बाप दोघेही गेल्यावर भाऊ पुन्हा होणे नाही. हे वाचून धक्का बसतो. सर्व मृतांसाठी असलेला देवांचा अढळ नियम कुठे, आणि हा हिशेब कुठे? जर्मन कवी गटेला हा उतारा इतका खटकला की तो मूळचा नसल्याचे कोणा पंडिताने सिद्ध करावे अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये बोलून दाखवली. पण अॅरिस्टॉटलने या ओळी आपल्या वक्तृत्वशास्त्रात उद्धृत केल्या आहेत, आणि हेरोडोटसच्या इतिहासात एका पर्शियन सरदाराची पत्नी अगदी हाच युक्तिवाद करते. माझे मत असे की, उतारा जागेवर राहू द्यावा. देवांचा नियम सांगणारी मुलगी मरणाच्या दारात नियम सोडून भावाबद्दल बोलते, यात विसंगती आहे, आणि ती जिवंत माणसाची विसंगती आहे. लगेच पुढे, ९२२ व्या ओळीपासून, ती विचारते की आता मी देवांकडे तरी का पाहावे, पवित्र वागून मला अपवित्र ठरवले गेले आहे. देव उत्तर देत नाहीत.

नववी पायरी: टायरेसियस आणि कामांचा क्रम

आंधळा द्रष्टा टायरेसियस ९८८ व्या ओळीला येतो आणि तत्त्वाचा एक शब्दही न बोलता वेदीची अवस्था सांगतो. पाखरे एकमेकांना फाडत आहेत. बळीची चरबी पेट घेत नाही, वितळून राखेत धुमसते आहे. नगरातल्या सगळ्या वेद्या कुत्र्या-पाखरांनी आणलेल्या त्या प्रेताच्या मांसाने बाटल्या आहेत. क्रेऑनने ज्या नगराच्या देवांचे नाव घेतले होते, त्यांचीच पूजा बंद पडली आहे. वरचे देव आणि खालचे देव असा जो भेद तो गृहीत धरून चालला होता, तो टिकत नाही. मग १०६८ व्या ओळीपासून निवाडा येतो: जी वरच्या जगाची, तिला तू जिवंत कबरीत घातलेस, आणि जो खालच्या जगाचा, त्याला इथे वर अडवून ठेवलेस. संपूर्ण नाटक या एका उलटापालटीत बसते. क्रेऑनने दगडांनी ठार मारण्याची आधी जाहीर केलेली शिक्षा बदलून गुहेत थोडे अन्न ठेवण्याची युक्ती केली होती, ती नगराला विटाळ लागू नये म्हणूनच (ओळी ७७३ ते ७७६). तीही याच हिशेबात वाया जाते.

क्रेऑन अखेर नमतो आणि १११३ व्या ओळीत म्हणतो की, स्थापित कायदे आयुष्यभर पाळणे हेच बहुधा उत्तम. ‘नोमोई’ हाच शब्द, ४४९ व्या ओळीतला. फक्त आता तो दवंडीसाठी नाही. वहीतल्या दोन स्तंभांची शेवटची नोंद ही.

त्यानंतर त्याने काय केले ते निवेदकाच्या तोंडून नीट ऐकावे. कोरसने सांगितले होते: जा, मुलीला गुहेतून सोडव आणि उघड्यावर पडलेल्यासाठी कबर रच. क्रेऑन आधी प्रेताकडे जातो. उरलेले अवशेष धुतो, ताज्या फांद्यांवर जाळतो, मायभूमीच्या मातीचा उंच ढिगारा रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने तलम कापडाचा फास करून गळ्याला लावलेला आहे. दोन्ही कामे करायचीच होती, पण जिवंत माणूस आधी की मृत, हे त्याला पुन्हा एकदा चुकीचे कळले.

दहावी पायरी: इथून पुढे

या नाटकावर जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचे मत ताबडतोब वाचू नये. दोन्ही बाजू आपापल्या परीने न्याय्य आणि म्हणूनच टक्कर शोकात्म, हा त्याचा विचार मोठा आहे, पण वहीतले दोन स्तंभ भरून झाल्यावर तो वाचला तर त्याच्याशी वाद घालता येतो. आधी वाचला तर फक्त मान डोलावली जाते.

त्याऐवजी आधी तीन नाटके घ्यावीत. एस्किलसच्या ‘युमेनिडीझ’मध्ये, इसवी सनापूर्वी ४५८, रक्ताचा सूड मागणाऱ्या जुन्या देवता आणि अथेन्सचे न्यायालय समोरासमोर येतात, मते समसमान पडतात आणि अथीना आपले मत आरोपीच्या पारड्यात टाकते, पण खरे काम नंतरचे आहे, हरलेल्या देवतांना नगरात घर देण्याचे. युरिपिडीसच्या ‘सप्लायंट्स’मध्ये पॉलिनायसीझबरोबर चालून येऊन थीब्झच्या वेशीवर मेलेल्या आर्गॉस नगराच्या सरदारांची प्रेते मिळावीत म्हणून त्यांच्या आया अथेन्सकडे दाद मागायला येतात, आणि इथे नगर स्वतःच मृतांच्या हक्कासाठी लढाईला उतरते.

तिसरे सॉफोक्लीसचेच ‘एजॅक्स’. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर एजॅक्स याने स्वतःच्याच सेनापतींवर रात्री हल्ला करण्याचा घाट घातला, देवतेने त्याची मती फिरवली आणि त्याने गुरे कापली. लाजेने त्याने स्वतःला संपवले. मेनिलेअस आणि अॅगमेम्नॉन हे सेनापती त्याच्या अंत्यसंस्कारांना बंदी करतात, क्रेऑनचेच युक्तिवाद घेऊन. ती बंदी उठते कारण ओडिसियस, मृताचा सर्वांत मोठा वैरी, पुढे होऊन म्हणतो की शूर माणूस मेल्यावर त्याचा अपमान केला तर धक्का त्याला नव्हे, देवांच्या कायद्यांना बसतो. मग मूठमाती द्यायला मी हातभार लावतो, असेही तो म्हणतो. एजॅक्सचा भाऊ ट्यूसर त्याचे मनापासून आभार मानतो, बाकीच्या गोष्टींत साथ दे म्हणतो, पण प्रेताला त्याचा हात लागू देत नाही. मेलेल्याला ते आवडायचे नाही, एवढेच कारण तो सांगतो.